गुरुवारची ओळ

१

शनिवारी सकाळी सावळदरी धरणाच्या गेजपट्टीपाशी उत्तमराव पालथा तरंगताना सापडला. एका पायात बूट होता, दुसरा पाय उघडा. डोक्याला मागून खोक होती. गेजपट्टी म्हणजे पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी. रोज सकाळी पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघून वहीत उतरवायचं, एवढंच काम मी सत्तावीस वर्षं केलं आणि निवृत्त होऊन जवळा बाजारला येऊन बसलो.

उत्तमराव हा धरणावरच्या नौकाविहाराचा ठेकेदार. बदकाच्या तोंडाच्या चार पायडलच्या होड्या, एक मोटारबोट, एक वल्ह्याची लहान होडी आणि भज्यांचा गाडा, असा त्याचा संसार होता. औंढ्याला शिवरात्रीला येणारं गिऱ्हाईक देवदर्शन उरकलं की लेकरांना घेऊन धरणावर यायचं, आणि त्या चार-पाच दिवसांवर उत्तमराव वर्ष काढायचा. पण २००१ सालच्या शिवरात्रीआधी पाणी धक्क्यापासून इतकं खाली गेलं की बदकं चिखलात बसली. मग या गड्यानं वरच्या धरणातून पाणी सोडवून आणायचा कागद फिरवला. चार फूट पाणी चढलं की बदकं तरंगणार होती.

आणि त्याच चार फुटांत काठची सगळी गाळपेर, गाळातली टरबुजांची शेती, बुडणार होती.

गुरुवारी दुपारी उत्तमराव लहान होडी घेऊन एकटाच गेला होता. ती होडी भीमराज या गाळपेरवाल्याच्या तुकड्याला लागून चिखलात बसलेली सापडली. मंगळवारच्या बाजारात भीमराज त्याला चारचौघांत म्हणाला होता, "आमचे वेल बुडवशील तर तुलाबी बुडवीन." शनिवारी पहिल्या गाडीनं तो हिंगोलीहून परतला आणि फाट्यावर उतरताच पोलिसांनी त्याला जीपमध्ये घातलं.

२

बुधवारी त्याची आई माझ्या दारात उभी राहिली. कमलबाईच्या डाव्या डोळ्याला हिरवं फडकं होतं. नुकताच मोतीबिंदू काढलेला.

"जय भीम, किशनभाऊ. तुमाला पाण्याचं समद्यांपेक्षा जास्ती कळतं. माझं लेकरू सोडवा."

"मी फौजदार नाही, कमलबाई."

"फौजदारानंच तं बांधलं त्याला. शिवरात्र झाली की हिंगोलीच्या कोर्टात कागद घालतो म्हणून राहिला. एकदा कागद गेला की माझं आयुष्य जाईन, पण पोरगं येणार न्हाई." ती उंबऱ्यावरच बसली. "आपरेशनमुळं मी पंधरा दिवस हितंच, लेकीकडं. घरी असते तं सांगितलं असतं पोरगं कुठं व्हतं ते."

मला नाही म्हणता आलं असतं. गुडघे दुखतात, हे कारण खरंही होतं. पण ती रडत नव्हती, नुसती बसली होती, आणि तिच्या एका उघड्या डोळ्यासमोर बसून पेपर वाचणं मला जमेना. मी चप्पल घातली.

फौजदार भला माणूस निघाला, हीच पंचाईत. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

"किशनराव, तुम्ही पाणी मोजलं, मी ओळी मोजल्या," तो म्हणाला. "मी पण नदीकाठचाच. माझी आई गाळपेरच करायची."

गाळपेर म्हणजे पाणी ओसरलं की उघडी पडणारी धरणातली जमीन. जुनं सावळदरी गाव आणि त्याचं शिवार तिथंच बुडालं, म्हणून ज्यांची शेतं गेली त्यांनाच ती वर्षाच्या बोलीवर कसायला मिळते. कालवा चालू असला की पाणी रोज चार बोटं उतरतं आणि दीड-दोन हात ओली पट्टी उघडी पडते. तिच्यात त्याच संध्याकाळी टरबुजाचं बी टोबायचं, म्हणजे आळं करून बोटानं दाबायचं. दुसऱ्या दिवशी वरचा थर कडक होतो आणि बी वाया जातं. म्हणून दिवसाला एक ओळ, पाण्याच्या मागं मागं. महिन्याभरानं तुकड्यावर उभं राहिलं की वरच्या ओळीला वेल, मधल्या ओळीला पानं, खालच्या ओळीला नुसती माती, असा सगळा महिनाच पसरलेला दिसतो.

"तुमच्या भीमराजचं म्हणणं, तो गुरुवारी सकाळीच हिंगोलीला गेला. पाणी सोडू नका असा अर्ज द्यायला. साहेब भेटले नाहीत, दोन रात्री स्टँडवर काढल्या. ओळखीचं कोणी दिसलं नाही, अर्जावर शिक्का नाही." फौजदारानं बोट वर केलं. "बरं, धरलं खरं. मग त्याच्या तुकड्यात गुरुवारची ओळ कोणी टोबली?"

"ती गुरुवारचीच कशावरून?"

"तुमच्याच गेजच्या वहीवरून. गुरुवारचा आकडा घेतला, दोरी लावली. ओळ बरोबर त्या पाण्याच्या काठाला आहे. आई ऑपरेशनसाठी लेकीकडं, बायको नाही, भाऊ नाही. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी गडी तिथंच होता, आणि होडीही तिथंच."

मी सत्तावीस वर्षं लिहिलेल्या वहीनंच कमलबाईच्या पोराच्या पायात बेडी घातली होती.

३

भीमराज कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, खांद्यानं रुंद, पण चार दिवसांत गळपटलेला. मी गजाबाहेर उकिडवा बसलो.

"खाल्लं का?"

"खाल्लं, मामा."

"गुरुवारी कुठं होतास?"

"हिंगोलीला. हाफिसात."

"एक विचारतो, खरं सांग. जाताना ओळ कोणाला सांगून गेलास?"

हा प्रश्न फौजदाराला सुचला नव्हता, कारण त्याच्या आईनं गाळपेर केली असली तरी त्यानं केलेली नव्हती. काठावर एक रीत आहे. गावाला जायचं तर बाजूच्या तुकडेवाल्याला सांगून जायचं, आणि तो आधी तुमची ओळ टोबतो, मग स्वतःची. आधी स्वतःची केली आणि तुमची राहून गेली, तर त्या माणसाशी कोणी धड बोलत नाही. सकाळचा चहा विसरेल, पण गाळपेरवाला न सांगता गाव सोडणार नाही.

भीमराजनं माझ्याकडं पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"कोणाला न्हाई सांगितलं."

"तसाच गेलास?"

"तसाच."

"मग ओळ टोबली कोणी?"

मी तासभर बसलो. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मामा, तुमी म्हातारे झाले. काहून एवढ्या दूर येता? मायला सांभाळा."

परतीच्या गाडीत मी त्याची उत्तरं पुन्हा पुन्हा लावून पाहिली. भीमराज माझ्या तोंडावर खोटं बोलला होता. ज्याला फासाची भीती आहे असा निर्दोष माणूस, त्याला वाचवू शकणारी एकच गोष्ट लपवतो कशाला? कमलबाई फाट्यावर वाट बघत उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "जेवला म्हणाला." त्यापुढं माझी जीभ उचलली नाही, कारण त्या घटकेला मलाही वाटत होतं, हे त्यानंच केलंय.

४

भीमराजच्या बाजूचा तुकडा एकच. पलीकडं खडक आहे. तो तुकडा तांड्यातल्या देविदासचा.

मी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी गेलो तेव्हा देविदास पाण्याच्या काठाला वाकून ओळ टोबत होता. हातात वीतभर खुणेची काठी. दोन आळ्यांतलं अंतर तो या काठीनं चार वेळा मोजून घेतो, म्हणून त्याच्या ओळी सुतात असतात. भीमराजचं सगळं पावलावर, अंदाजपंचे. दोघांची थट्टा सगळा काठ करायचा.

"या दादा," देविदास उठला. पन्नाशीचा माणूस, डोळे तारवटलेले. "भीमराजचं काय झालं? सोडून राहिले का?"

"नाही. तू कुठं होतास गुरुवारी?"

"कनेरगाव नाक्याला. बहिणीच्या पोरीचं लगन. बुधवारची ओळ टोबली अन् संध्याकाळच्या गाडीनं गेलो. शनिवारी आलो तं हे झालेलं." त्यानं आपला तुकडा दाखवला. "तुमीच बघा. बुधवारची ओळ हाये, गुरुवारची न्हाई, शुक्रवारची न्हाई. फौजदारानंबी बघितलं."

बरोबर होतं. त्याच्या तुकड्यात दोन ओळींची मोकळी पट्टी सरळ दिसत होती. ज्या पट्टीनं भीमराजला बांधलं, तशाच पट्टीनं देविदासला मोकळं केलं होतं.

तेवढ्यात त्याची बायको निर्मलाबाई भाकर घेऊन आली. तिनं मला राम राम केला, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सहज म्हणाली, "लगन लई चांगलं झालं, दादा. हे रातच्याला उशिरा पोचले म्हणून गुरुवारची हळद चुकली त्याहिची. म्या अन् पोरगी निता बुधवारीच गेलो व्हतो."

देविदासचा हात भाकरीवर थांबला. निर्मलाबाईला आपण काय बोललो ते कळलंच नाही. ती कांदा फोडत राहिली.

हळद गुरुवारी होती. बायको बुधवारी गेली, नवरा हळद झाल्यावर पोचला. मी पाणी प्यायलो, उठलो आणि भीमराजच्या तुकड्यातल्या गुरुवारच्या ओळीपाशी गेलो. आळी मोजली. छत्तीस भरली. वरच्या ओळी मोजल्या. एकेचाळीस, त्रेचाळीस, चाळीस, बेचाळीस. बांध ओलांडून तेवढ्याच रुंदीच्या तुकड्यातल्या देविदासच्या ओळी मोजल्या. छत्तीस, छत्तीस, छत्तीस.

तेवढ्यावर फौजदार हलला नसता. आळ्यांची संख्या काय, पाय लांब पडला म्हणेल. पण आणखी एक फरक होता, आणि तो मातीखाली होता. भीमराज एका आळ्यात तीन बिया टाकतो, एक किड्याची म्हणून. देविदास दोनच टाकतो. भिजवलेलं बी आठव्या दिवशी वर येतं. शुक्रवारी सकाळी ती ओळ स्वतःच सांगणार होती, तिला कोणी टोबलं ते.

मी गेजच्या चौकीवर आलो. माझ्या जागी आलेला माणूस चहा करत होता.

"काका, बरं झालं आलात," तो म्हणाला. "वरून पाणी सुटलंय. उद्या दुपारपर्यंत इथं येईल."

उत्तमराव मेला तरी त्याचा कागद चालत होता.

५

शुक्रवारी उजाडताच मी आणि कमलबाई तुकड्यात होतो. ती एका डोळ्यानं, मी चष्म्यानं, दोघंही गुडघ्यावर. पहिल्या आळ्यात माती फुटली होती आणि दोन हिरवे कान वर आले होते. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एक, आणि शेजारी दुसऱ्याची माती उचललेली. बाविसाव्या आळ्यापर्यंत गेलो. तीन कुठंच नव्हते.

"ही माझ्या पोराच्या हातची न्हाई," कमलबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं, बांधापलीकडं, आणि मला तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी चौकीवरून ठाण्याला फोन लावला. फौजदार औंढ्याच्या बंदोबस्तात होता. निरोप पोचायला तास गेला. तो म्हणाला, "पंच घेऊन येतो, पण दोन वाजतील." मी म्हणालो, "साहेब, ओळ सगळ्यात खालची आहे. पाणी आधी तिलाच गिळणार."

पाणी अकरालाच आलं. त्याला लाट नव्हती की आवाज नव्हता. देविदासच्या खालच्या सहा नव्या ओळी बघता बघता नाहीशा झाल्या. मग मधली मोकळी पट्टी. मी काठीवर खूण केली. दर घटकेला चार बोटं. दिवसभरात उतरणारं पाणी घटकाभरात चढत होतं. दोन वाजेपर्यंत ओळ राहणं शक्य नव्हतं.

कमलबाईनं पदर खोचला आणि हातानं चिखल ओढायला लागली. ओळीच्या खालून बांध घालायचा, पाणी जितकं अडेल तितकं. डॉक्टरानं तिला वाकू नको म्हणून सांगितलं होतं. मी पण वाकलो. पासष्ट वर्षांचा माणूस आणि एका डोळ्याची बाई, छत्तीस आळ्यांपुढं बांध घालत होतो. एकीकडं बांधलं की दुसरीकडं सुटत होतं. मी आयुष्यभर पाणी फक्त वाचलं, त्याला अडवायची वेळ कधी आली नव्हती, आणि ते माझं ऐकेना.

इतक्यात माझ्या शेजारी फावड्याचा घाव पडला.

देविदास होता. त्याचं स्वतःचं बुडत होतं, तिकडं त्यानं पाठ केली होती. तो काही न बोलता फावडंभर चिखल टाकत गेला, आणि ज्या जागी आमचा बांध फुटत होता तिथंच नेमका टाकत गेला.

६

बांध गुडघ्याएवढा झाला. पाणी पलीकडून टेकलं. मी कंबर सरळ केली.

"देविदास, ही ओळ कोणाची?"

"भीमराजची."

"टोबली कोणी?"

त्यानं फावडं थांबवलं नाही. मग मीच बोललो. कमलबाई ऐकत होती, तिनं ऐकायलाच हवं होतं.

"बायको बुधवारी गेली, तू मागं राहिलास. गुरुवारी सकाळी भीमराज तुला ओळ सांगून हिंगोलीला गेला. तू नाक्याला गेलेला असतास तर तो ओळ वाऱ्यावर टाकून गेलाच नसता. संध्याकाळी तू रीतीप्रमाणं आधी त्याची ओळ टोबलीस. छत्तीस आळी, दोन-दोन बिया. स्वतःची टोबायला वळलास आणि उत्तमरावाची होडी आली. म्हणून तुझी ओळ राहिली. तू पळालास, आणि न टोबलेली ओळच तुझी साक्षीदार झाली. एकच चूक झाली. शेजाऱ्याची ओळ आधी टोबलीस. दुसरा कोणी असता तर आधी स्वतःची टोबून मोकळा झाला असता, आणि आज मला काही कळलं नसतं."

देविदास चिखलातच बसला.

"तो लाल झेंड्या लावायला आला व्हता," तो म्हणाला. "पाणी कुठवर येईन त्याच्या खुणा. म्या म्हणलं, साहेब, आठ दिस थांबा, येल जरा वर सरकवून घेऊ. हसला. म्हणला, काहून मरमर करून राहिला, पुढच्या शुक्रवारी हितं माझी बदकं फिरतील. म्या होडी धरून हालवली. नुसती हालवली, दादा. तो मागं पडला, डोकं कडेला लागलं अन् पालथा झाला. गुडघाभर पाणी. तोंड गाळात." त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. "उचलला असता तं उठला असता. म्या उभा राहिलो. किती येळ, सांगता येत न्हाई. मंग खोल पाण्यात ढकलला."

"आणि भीमराज?" कमलबाईनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "सात दिस माझं लेकरू तिथं हाये."

"वाटलं, हिंगोलीला व्हता, हाफिसात कोणीतरी बघितलं असन. सुटंल. रोज वाटायचं आज सुटंल. निताचं लगन ठरलंय वैशाखात, ते होऊ दे, मंग जाऊन सांगीन." त्यानं तोंडावर हात फिरवला, चिखल तोंडाला लागला. "खोटं न्हाई बोलत, बाई. पण जीव झाला न्हाई."

फौजदार पंचांना घेऊन दीड वाजता आला. तेव्हा बांध दोन जागी फुटला होता आणि वर उरली होती अकरा आळी. त्यानं वाकून सगळी मोजली, पंचांना दाखवली, कागद केला. देविदासनं आपले हात आपणच पुढं केले.

७

भीमराजला शनिवारी सोडलं. कमलबाई हट्टानं ठाण्यावर आली होती. डोळा सुजला होता, चिखलाचं पाणी गेलं होतं. तिनं पोराचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मला मनातून फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाटलं, आपण कामाचे आहोत.

भीमराजनं विचारलं, "मामा, तुमीच शोधलं?"

"ओळीनं सांगितलं. मी वाचलं फक्त."

त्यानं वाकून पायात चपला घातल्या.

"मला पयल्या दिवशीच ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "फौजदार म्हणला, तुझी गुरुवारची ओळ टोबलेली हाये, तेव्हाच. दुसरं कोण टोबणार? म्याच सांगून गेलो व्हतो त्याला. पण ज्यानं माझी ओळ टोबली, त्याचं नाव त्याच ओळीवरून सांगू व्हय? सांगायचं असतं तं त्यानं सांगितलं असतं. म्या वाट बघून राहिलो व्हतो."

"अन् त्यानं सांगितलंच नसतं तर?" कमलबाई म्हणाली. "माझं काय झालं असतं?"

तिनं हात उचलला, त्याला मारील असं मला वाटलं, पण तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं.

फाट्यावर उतरल्यावर तो घराकडं वळला नाही. सरळ तांड्याकडं चालू लागला. त्याच्या मागं कमलबाई गेली, तिच्या मागं मी. धरणावर उत्तमरावाच्या भावानं बदकं पाण्यात घातली होती. लेकरांचा हसण्याचा आवाज पार तांड्यापर्यंत येत होता.

निर्मलाबाई दारात बसली होती. निता आत होती, नुसती कूस बदललेली दिसली. भीमराज निर्मलाबाईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काकी, वैशाखाचं म्या बघतो." कमलबाई आत नितापाशी गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी अंगणात उभा होतो. निर्मलाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, तिला हळदीचं बोलणं आठवलं असावं, आणि तिनं मान फिरवली. त्या घरात मला कोणी पाणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही.